मेघवीराचा उजवा कौल

कणकवलीच्या एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलवर त्या संध्याकाळी 'मेघवीर'च्या नव्या अंकाची एकच प्रत लटकत होती, आणि तिला दोन हात एकदम लागले.

एक हात कावेरीचा होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, काखेत अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक, वेणीतून श्रावणसरीचं पाणी ठिबकतंय — आणि हात कुठे, तर पोराटोरांच्या चित्रकथेवर! दुसरा हात स्टॉलच्या आतून आला होता आणि तो काही सोडायला तयार नव्हता.

"ह्यो विकूचो नाय," आतला म्हणाला.

"मगे दोरयेर कित्याक टांगलंस?"

"टांगूक नाय. सुकत घातलंय. पार्सल गाडयेच्या टपार भिजला." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि मी अजून वाचूक नाय. मी वाचल्याबिगर विकणंय नाय."

"माझ्या धाकट्या भावाक होयो..."

"तुका भाव नाय."

कावेरीने आता कुठे मान वर केली. सावळा, किडकिडीत, कानावर पेन्सिल खोचलेला एक मुलगा तिच्याकडे बघून हसत होता.

"तू विमलाबाईंची कावेरी. कसालच्या गाडयेत डावीकडच्या खिडकेत बसतंस. बाईंनी माका चौथीक शिकवल्यानी." त्याने मान खाली घातली. "लवू माझा नाव."

आपली खिडकीसुद्धा कुणीतरी लक्षात ठेवली आहे हे ऐकून कावेरीचे कान तापले. पण अंक काही तिने सोडला नाही. सोडणार कसा? मुखपृष्ठावर चित्रच तसं होतं. वर्षानुवर्षं ज्याला बदडण्यात मेघवीराची हयात गेली, त्या महादुष्ट विखाराचा हात मेघवीराने आपल्या हातात घेतला होता! वर आकाशात सूर्य गिळायला निघालेला शून्यासूर, खाली समुद्रात एक खडक, आणि खडकावर हे दोघे — गळ्यात गळा घालायचाच काय तो बाकी.

"मेघवीरान इखाराचो हात धरलो?" ती जवळजवळ किंचाळलीच.

"बघ तर! माझो जीव सकाळपासून वर-खाली होता."

शेवटी तह झाला. लवूही कसालच्याच बाजूचा, त्यांची भातशेती होती तिथे. काकाच्या स्टॉलवर बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जायचा. अंक गाडीत दोघांनी मिळून वाचायचा असं ठरलं.

आता तरण्या मुलाने आणि मुलीने एका बाकावर बसायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्या कसालला बातमी. पण सर्वात मागच्या बाकावर मासेवाली सीताआक्का रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसायची. तिच्या एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला लवू, आणि पाटीवर मेघवीर. कुणाची काय बिशाद होती बोलायची!

लवूने मेघवीराची वाक्यं घेतली. कावेरीला त्याने नलिनी दिली. ही नलिनी म्हणजे शास्त्रज्ञाची मुलगी, आणि तिला पूर्ण अंकात एकच वाक्य — 'वाचवा! वाचवा!'

"माका ही नको. मी इखार होतंय," कावेरी म्हणाली. आणि मग जी काय ती गरजली — "मूर्ख मेघवीरा! तुझी माझी दुश्मनी उद्या, आज आपण भाऊ!" — की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या हातातली तपकीर सांडली.

"ह्यो राक्षस माका बरो दिसता," सीताआक्का म्हणाली. "आवाज गोड आसा."

लवू खिडकीबाहेर बघत हसत राहिला. त्याचे मेघवीराचे संवाद पुढे दोन पानं चुकत होते.

ही हातमिळवणीची गोष्ट चार भागांची होती. एकेक भाग यायला महिना, कधी दीड महिना. पण एक भाग पुरवून पुरवून किती वेळा वाचता येतो, ते त्या पावसाळ्यात त्या दोघांना कळलं. वाचायचं संपलं की भांडायचं.

"माका पटणा नाय," कावेरी म्हणायची. "इखार एका रातीत चांगलो कसो झालो?"

"चांगलो खंय झालो? दुश्मन मोठो झालो, इतक्याच."

"आणि त्या नलिनीक कोणी इचारला? यंत्र तिच्या बापाशीन केलेला. शून्यासुराची नस खंय आसा ता तिका एकटीक ठावक. तिका ठेवल्यानी खांबाक बांधून, आणि ह्ये दोघे फत्तरार उभे रवान एकमेकांचे हात दाबतत!"

"अगो, तिका सोडवूकच तर..."

"तोंडात बोळो तरी काढूचो! इचारूचा तरी!"

लवू हात जोडायचा. तिचा राग त्याला फार आवडायचा, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणून ती जरा जास्तच रागवायची. एकदा सीताआक्का पेंगत असताना ती हळूच म्हणाली, "मेघवीराचा वाचून झाला काय तू गप कित्याक रवतंस रे?"

"त्येची वाक्या छापलेली असतत..." लवू म्हणाला. "माझी... माका सुचणत नाय."

"एखादा तरी?"

बाहेर भाताची हिरवी खाचरं मागे पळत होती. लवूने पाटीवरचा अंक नीट केला, मग उगीच पुन्हा वाकडा केला. "तू उद्या गाडयेक येवक नाय तर... माका कसालचो रस्तो लांब वाटतलो."

एवढंच. पण त्या एका वाक्यावर कावेरी चार दिवस हवेत होती. प्रेमात पडलेल्या माणसाला फार खाऊपिऊ घालावं लागत नाही.

या सगळ्यात विखार कोण, तर तिचा शिवामामा. कावेरीचे वडील ती लहान असतानाच गेले. आई विमलाबाई शाळेत शिकवायच्या आणि घर एकटीने ओढायच्या. पण पुरुषमाणूस म्हणून हुकूम चालायचा तो शेजारी राहणाऱ्या या भावाचा. मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि मानपानाची भूक त्याहून मोठी. दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी हा मामा नेमका त्याच गाडीत चढला. भाचीला विखाराच्या आवाजात गरजताना त्याने ऐकलं, पाटीवरचा अंक उचलला आणि टराटरा फाडला. मग भर गाडीत लवूचा कान पिळला.

"पेपरवाल्या! बाईंच्या चेडवाक नादाक लावतंस?"

लवूचा कान लाल झाला. तो फाटकी पानं गोळा करायला खाली वाकला. कावेरीला मात्र मामाच्या मिशीला हिसका द्यावासा वाटला.

पंधरा दिवसांत मामाने नांदगावचं स्थळ आणलं. मुलगा पंचायत समितीत कारकून, श्रीपाद नाव, घरची आंब्याची कलमं. बघायला आले, पोहे खाल्ले, पसंती कळवली. आणि मग जे व्हायचं नव्हतं ते झालं. साखरपुड्याची बोलणी करायला मामा नांदगावला गेला, तिथे विडे वाटले, आणि मुलीच्या मामाला विडा दिला तो सगळ्यांत शेवटी! गाडीच्या ड्रायव्हरच्याही नंतर! मामा परत आला तो धुमसतच. "त्या घरात चेडू दिलंव तर माझा नाव बदला," म्हणाला. पण विमलाबाईंना स्थळ आवडलं होतं, आणि विड्यापायी स्थळ मोडायला त्या तयार नव्हत्या.

"देवाक इचारूया," त्या म्हणाल्या. "सोमवारी कौल घेवया."

कौल म्हणजे काय ते तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. त्यावर अपील नाही.

त्याच आठवड्यात कावेरीने एक विचित्र दृश्य पाहिलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात लवू आणि शिवामामा एकाच टेबलावर बसून चहा पीत होते. मामा चक्क लवूच्या पाठीवर थाप मारत होता. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं तर लवू डोळे मिचकावून म्हणाला, "काय नाय गो. फुडचो भाग इलो काय सांगतंय तुका." तिला वाटलं, कानाची माफी मागितली असेल मामाने. बरं वाटलं तिला. अगदी मनापासून बरं वाटलं, हेच वाईट.

सोमवारी सकाळी आई आडाळ्याच्या विळीवर बसून नारळ खवत होती. कावेरी तिच्यासमोर येऊन बसली.  आज नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"आये... माका लवू आवडता."

खवण्याचा आवाज थांबला.

"खयचो लवू? पेपराच्या स्टॉलावरचो? माझ्या वर्गात होतो तो?"

"व्हय."

विमलाबाईंनी खवलेलं खोबरं ताटात एका बाजूला सारलं. कावेरी ओरडा खायच्या तयारीनेच बसली होती.

"खोटा बोलाक येय नाय तेका," आई शेवटी म्हणाली. "गणिता चुकायची, पण बाजूच्याचा बघून लिवणा नाय. एकदा पाटयेर शून्य घेवन ताठ उभो रवलेलो." तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. "ऐक. मी नांदगावाचोच कौल लावतलंय. देवान उजवो दिल्यान तर मुकाट्यान उभी रव. डावो दिल्यान तर... लवूच्या बापाशीक मी स्वतः बोलवन घेतंय. मान्य?"

कावेरीला रडूच फुटलं. एवढं मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "मान्य," ती म्हणाली, आणि आईच्या खोबऱ्याने माखलेल्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

देवळात त्या दिवशी पाकळ्या लावायची पाळी शिवामामाच्या घराण्याची होती. तो फार निगुतीने पाकळ्या लावत होता. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे भाई पुढे सरसावले आणि मामा आपण होऊन म्हणाला, "भाई, इचारा, कसालच्या लवूचा स्थळ—"

"नाय," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "नांदगावाचा इचारा. उजवो तर करूचा."

मामाने चमकून बहिणीकडे पाहिलं. त्याचा हात पाषाणाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. पण भाईंनी सुरुवात केली होती.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचा नांदगावाचा कार्य मनात आसा... ता बरा असात तर उजवो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मामाचा आवाज त्यात नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. कावेरी डोळे मिटून डावी, डावी, डावी म्हणत होती. तिने डोळे उघडले तेव्हा उजवी पाकळी खाली पडलेली होती. इतक्या लवकर कौल कधी पडला नव्हता. देवाच्या मनात अगदी शंकाच नाही, असं भाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती कणकवलीला गेली ती लवूला निरोप द्यायला. रात्रभर रडून डोळे सुजले होते. पण देवाशी भांडता येत नाही, आणि आईला शब्द दिलेला. काय बोलायचं ते तिने गाडीत जुळवून ठेवलं होतं.

लवूने तिला लांबूनच पाहिलं आणि स्टॉलमधून उडी मारली. हातात जत्रेतल्या गोड खाज्याचा पुडा. तोंडभर हसू.

"पडलो मा उजवो?"

कावेरी जागच्या जागी थांबली. "तुका कोणी सांगला?"

"सांगूक कित्याक होया? पडतलोच!" त्याने पुडा तिच्या हातात कोंबला. "मामान उजवे पाकळे नुसते टेकवल्यान. डावे चंदनात घट्ट चिकटवल्यान. तेका नांदगाववाल्यांची जिरवूची होती, माका तू होवी होतंस. घातलंव हातात हात! मेघवीर आणि इखार!"

स्टँडवर कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेत होती, कंडक्टर पाठीमागून घंटी मारत होता. कावेरीने पुडा उघडला नाही.

"लवू," ती म्हणाली, "कौल कसलो लावल्यानी, ठावक आसा तुका?"

"आपलो. मामान सांगलेल्यान, मी बहिणीक पटवतंय..."

"आयेन नांदगावाचो लावल्यान."

लवूचं हसू एकदम मावळलं नाही. ते ओठांवर तसंच राहिलं, बाकी सगळा चेहरा आधी विझला.

"उजवो पडलो तर नांदगाव," कावेरी म्हणाली. "डावो पडलो तर तू. आयेन कबूल केल्यान होता. काल सकाळी मी तिका सगळा सांगलंय... तुझा नाव घेवन. ती म्हणाली, त्येका खोटा बोलाक येय नाय."

त्याने स्टॉलच्या फळीला हात टेकला. "माका... माका काय ठावक—"

"तू माका इचारलंस?" आता तिचा आवाज चढला. "इखाराबरोबर च्या पिलंस. त्येचो हात धरलंस. माझो धरूक होयो होतो मेल्या! मी हयच होतंय, रोज, पाटयेच्या पलीकडे!"

"तुका उगाच घोर नको म्हणान... दुश्मन मोठो होतो गो, कावेरी—"

"कोण दुश्मन? माझी आये?"

 लवू पुटपुटला, "पळान जावया. मुंबयक. माझो मावसभाव आसा थंय."

कावेरीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला तो फार आवडत होता. त्या क्षणीही आवडत होता, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

"पळूचा नाय," ती म्हणाली. "आता चल माझ्याबरोबर. आयेसमोर उभो रव आणि सांग, कौल खोटो होतो. मी लावूक सांगलंय. पाटयेर शून्य घेवन उभो रवलेलंस मा एकदा? तसो. ती मारीत, ओरडात... पण फिरून कौल लावीत. माझी आवस माका ठावक आसा."

लवूने ओठांवरून जीभ फिरवली. गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला —

"पण... मामा काय म्हणतलो?"

कावेरी हसली. तिला खरोखरच हसू आलं, आणि ते थांबेना. दोन बाया वळून बघायला लागल्या.

"मेघवीर इखाराक इचारून येतलो!"

"तसा नाय गो... देवाचा काम आसा. गावात माका कोण उभो करूचो नाय. माझो बापूस... देवळात पाय ठेवूक देवचे नाय तेका... वायच थांब, मी मामाशी बोलतंय, तो कायतरी वाट—"

तिने खाज्याचा पुडा फळीवर ठेवला, मासिकांच्या चळतीवर. आपणच जाऊन आईला कौलाचं खरं सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं.  पण सांगून मिळवायचं कोणाला? जो मामाला विचारून येणार त्याला? कसालची गाडी लागली तेव्हा ती डावीकडच्या खिडकीत बसली. मागच्या बाकावरून सीताआक्का हाका मारत होती, तिकडे तिने वळून पाहिलं नाही.

लग्न मार्गशीर्षात झालं. शिवामामाने पुढे होऊन सगळं केलं, आणि या वेळी पहिला विडा त्यालाच मिळाला.

वरात नांदगावला गेली. दोन दिवसांनी माहेरी येऊन, तिथली पाठवणी घेऊन कावेरी आणि श्रीपाद एसटीने नांदगावला परत निघाले, तेव्हा गाडी कणकवलीला थांबली. स्टॉलच्या दोरीवर नवे अंक लटकत होते. तिने बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलंच. मेघवीर, चौथा आणि शेवटचा भाग.

"तुला काही हवंय का?" श्रीपादने विचारलं. ऑफिसात बोलून बोलून त्याची भाषा अशी इस्त्रीची झाली होती. "चहा, पेपर... काहीही?"

कावेरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. साधाच प्रश्न होता. त्याला स्वतःलाही त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

"तो मेघवीर," ती म्हणाली.

त्याने भुवया उंचावल्या, पण हसत उतरला. खिडकीतून तिला दिसत होतं. लवूने दोरीवरचे चिमटे काढले, अंक श्रीपादच्या हातात दिला, आणि सुटे पैसे मोजताना एकदाही मान वर केली नाही.

गाडी सुटली. कावेरीने सरळ शेवटचं पान उघडलं. शून्यासुराचे तुकडे समुद्रात पडत होते. खडकावर मेघवीर आणि विखार एकमेकांचे हात दाबत होते. दोघांच्या मध्ये दोर सुटलेली नलिनी उभी होती, तोंड उघडं, डोक्याजवळ तिच्या बोलण्याचा पांढरा फुगा. आणि फुगा कोरा. छापखान्यात तिचं वाक्य टाकायचं कुणीतरी विसरलं होतं.

कावेरी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग तिने श्रीपादच्या खिशातलं पेन काढून घेतलं. गाडी हिसके देत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. 'माका इचारल्यात?'

श्रीपादने वाकून वाचलं आणि मोठ्याने हसला. "छान! पण काय विचारायचं होतं तिला?"

कावेरीने पेनाला टोपण लावलं आणि ते परत त्याच्या खिशात खोचलं.

"आता काय नाय," ती म्हणाली. "गोष्ट संपली तेंची."